विश्वामित्री चढलेली असताना गटारे काय करतात : ‘ईपीए स्विम 5.2’चे परीक्षण

पावसाळी गटारांतून आणि ड्रेनेजच्या नळांतून पाणी कसे वाहील, कोठे तुंबेल आणि कोणत्या मॅनहोलमधून रस्त्यावर येईल, हे खोदकामाआधी गणिताने पाहून घेण्यासाठी ज्या संगणक-प्रणाली वापरल्या जातात, त्यांत ‘स्विम’ (SWMM, म्हणजे स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल) ही सर्वांत जुन्यांपैकी एक आहे आणि ती पूर्णपणे मोफत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ती 1969 ते 1971 या काळात तयार करून घेतली. 2004 मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि 5.2 ही आवृत्ती 2022 मध्ये आली. हे परीक्षण तिच्या सगळ्या अंगांचे नाही. बडोद्यासारख्या सपाट गावात, जिथे बहुतेक पावसाळी कांस, म्हणजे मोठे नाले, शेवटी विश्वामित्रीकडे जातात आणि ती नदीच पावसाळ्यात गावाच्या पातळीला येते, तिथे ही प्रणाली किती कामाची आहे, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे. मत आधीच सांगून टाकतो : नदीच्या फुगवट्याचा, म्हणजे चढलेल्या नदीमुळे पाणी मागे तुंबण्याचा, गटारांवर होणारा परिणाम समजून घेण्यासाठी तिच्याइतके भरवशाचे फुकट साधन माझ्या पाहण्यात नाही, परंतु रस्त्यावर आलेले पाणी पुढे कोठे जाते हे तिला विचारू नये.

आपल्याकडे पावसाळी गटाराचा आकार अजूनही बहुतेक वेळा रॅशनल पद्धतीने, म्हणजे क्षेत्र, पाऊस आणि एक गुणांक यांच्या साध्या गुणाकाराने, एक्सेलच्या तक्त्यावर ठरतो. 1 हेक्टर क्षेत्र, ताशी 50 मिलिमीटर पाऊस आणि 0.7 हा अपवाह गुणांक (पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) धरला, तर तासाला 350 घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 97 लिटर पाणी येते. मॅनिंगचा गुणांक (नळाच्या खडबडीतपणाचे माप) 0.013 धरल्यास 1:500 उताराचा 450 मिलिमीटर व्यासाचा नळ भरून वाहताना सेकंदाला 127 लिटर नेतो. 97 पेक्षा 127 जास्त, म्हणून नळ पुरेसा, असे लिहून तक्ता बंद होतो. या हिशेबात चूक काहीच नाही. त्यात एक गृहीत मात्र न लिहिता राहून गेलेले असते, आणि ते म्हणजे नळाचे खालचे तोंड मोकळे आहे.

बडोद्यात हे गृहीत नेमके हवे त्या दिवशी खोटे ठरते. वरचाच नळ 500 मीटर लांब आहे, त्याच्या दोन टोकांत 1 मीटरचा फरक आहे आणि वरच्या टोकाशी नळाच्या माथ्यावर 1 मीटर भराव आहे, असे समजा. म्हणजे वरच्या टोकाची जमीन खालच्या तोंडाच्या माथ्यापेक्षा 2 मीटर उंच झाली. नदी खालच्या तोंडाच्या माथ्यावर 1 मीटर चढली, तर पाणी ढकलायला अजून 1 मीटरचा फरक उरतो आणि नळ 127 लिटर नेऊ शकतो, पण त्यासाठी वरच्या मॅनहोलमध्ये पाणी झाकणाला टेकलेले असावे लागते. नदी आणखी अर्धा मीटर चढली की उरलेला फरक निम्मा होतो आणि क्षमता सुमारे 90 लिटरवर येते. याचा अर्थ, जो नळ कागदावर पुरेसा होता तो आता 97 लिटरला पुरत नाही. नदी 2 मीटरवर पोहोचली की प्रवाह थांबतो, आणि त्याहून वर गेली की नदीचे पाणी नळातून उलटे येऊन, नदी नजरेलाही पडत नाही अशा सखल सोसायटीत निघते. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात एका दिवसात जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये तर नदीने धोक्याची पातळी कितीतरी फुटांनी ओलांडली. दोन्ही वेळा अनेक वस्त्यांत पाणी आकाशातून जितके आले तितकेच खालून आले.

स्विमचे खरे मोल येथे आहे. तिच्यात प्रवाह पुढे नेण्याच्या तीन पद्धती आहेत : स्थिर प्रवाह, कायनेमॅटिक वेव्ह आणि डायनॅमिक वेव्ह. पहिल्या दोन पद्धतींत पाणी फक्त उताराच्या दिशेने जाते आणि खालच्या मॅनहोलची पातळी वरच्या मॅनहोलला कळतच नाही. डायनॅमिक वेव्ह ही 1871 साली मांडली गेलेली सेंट-व्हेनांची वाहत्या पाण्याची पूर्ण समीकरणे सोडवते, त्यामुळे फुगवटा, दाबाखालचा प्रवाह आणि उलटा प्रवाह हे तिन्ही तिला दिसतात. एखाद्या कांसापासून नदीपर्यंतच्या मॅनहोलची रांग निवडून प्रोफाइल-चित्र, म्हणजे त्या रांगेचा उभा छेद, उघडावे आणि वेळ पुढे सरकवत जावे : आधी वरून येणाऱ्या पाण्याने नळ भरत जातात, मग खालच्या टोकाकडून पाण्याची रेघ आडवी होऊ लागते, आणि काही वेळाने ती रेघ एकेका मॅनहोलच्या झाकणाला येऊन टेकते. सभेत बसलेल्या, अभियंता नसलेल्या माणसालाही हे चित्र पाहून ‘नळ मोठा करून उपयोग नाही’ हे पटते, जे माझ्या तक्त्यांनी कधी पटवले नव्हते.

कायनेमॅटिक पद्धत आपल्या गावात वापरूच नये, असे माझे ठाम मत आहे. ती लवकर चालते म्हणून अनेक जण ती निवडतात. परंतु उलट्या उताराचा एक जरी नळ असेल तरी ती 115 क्रमांकाची त्रुटी दाखवून थांबते, आणि जुन्या वस्तीच्या सर्वेक्षणात असे नळ हमखास निघतात. मग नकाशातील पातळी ‘सुधारून’ मॉडेल चालवण्याचा मोह होतो. नळ जमिनीत उलटा बसला आहे आणि आपण तो संगणकात सुलटा केला, याचा पावसाला काही पत्ता नसतो. डायनॅमिक पद्धतीत उलटा उतार चालतो. तिच्या अहवालात मात्र दोन सूचना शांतपणे येतात आणि त्या वाचल्याच पाहिजेत. दुसऱ्या क्रमांकाच्या सूचनेचा अर्थ असा की, नळाचा माथा मॅनहोलच्या दिलेल्या खोलीत मावत नसल्याने प्रणालीने मॅनहोलची खोली स्वतःच वाढवून घेतली आहे, म्हणजे कागदावर रस्ता वर उचलला गेला आहे आणि तुंबणे तेवढे कमी दिसणार आहे. चौथ्या क्रमांकाची सूचना सांगते की दोन टोकांच्या पातळीत फरकच नसल्याने एक नगण्य उतार गृहीत धरला आहे. एका कामात दुसऱ्या कोणी तयार केलेल्या मॉडेलच्या अहवालात या सूचनांची पानेच्या पाने होती, आणि निष्कर्षात मात्र ‘जाळे सक्षम आहे’ असे लिहिलेले होते.

नदीची पातळी देण्याची सोय उत्तम आहे. जाळ्याच्या शेवटच्या बिंदूला, म्हणजे आउटफॉलला, मोकळे तोंड, ठरावीक पातळी, भरती-ओहोटी किंवा वेळेनुसार बदलणारी पातळी यांपैकी काहीही देता येते. बडोद्यासाठी शेवटचा पर्याय हाच एकमेव प्रामाणिक पर्याय आहे, कारण पाऊस गावावर आधी पडतो आणि पावागडाकडून व आजवा जलाशयाकडून येणारे पाणी नंतर पोहोचते, आणि हा मधला वेळ किती, यावरच सगळे अवलंबून असते. येथे एक स्थानिक सापळा आहे. विश्वामित्रीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावरची 26 फूट ही धोक्याची पातळी आपल्याकडे शाळकरी मुलांनाही पाठ असते आणि आजव्याचे 212-214 फूटही रोज वर्तमानपत्रात येतात. पण हे दोन आकडे एकाच पायावरून मोजलेले नाहीत, आणि नळांच्या पातळ्या तर मीटरमध्ये, सर्वेक्षणाच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंची ठरलेल्या खुणेवरून, घेतलेल्या असतात. पुलावरच्या पट्टीचा शून्य आपल्या बेंचमार्कशी जोडल्याशिवाय आउटफॉलची पातळी भरू नये. आउटफॉलला फ्लॅप गेट, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण आत न घेणारी झडप, आहे की नाही हेही एका खुणेने सांगता येते. प्रणालीतले गेट अर्थातच कधी अडकत नाही. प्रत्यक्षातल्या गेटच्या फटीत ओंडका किंवा जुनी गादी अडकलेली असू शकते, म्हणून मी प्रत्येक मॉडेल गेटसह आणि गेटशिवाय असे दोनदा चालवतो. नदीकाठच्या तोंडांची पातळी पाणी ओसरल्यावरच मोजून घ्यावी लागते, आणि तेव्हाही मोजणाऱ्यासोबत नदीतल्या मगरींवर लक्ष ठेवणारा एक माणूस लागतो, हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नसतो.

पावसाचे आकडे भरताना विशेष सावध राहावे. पाऊस तीव्रता, त्या अवधीत पडलेली उंची किंवा सुरुवातीपासूनची बेरीज अशा तीन प्रकारांनी देता येतो. 15 मिनिटांत पडलेला 10 मिलिमीटर पाऊस हा ताशी 40 मिलिमीटर तीव्रतेचा असतो. तोच आकडा ‘तीव्रता’ या प्रकारात 10 म्हणून गेला, तर पाऊस एक-चतुर्थांश होतो आणि सगळे गाव कोरडे दिसते. प्रणाली याबाबत काहीही विचारत नाही. दिवसभराची बेरीज 24 ने भागून भरण्याची पद्धतही सर्रास दिसते, आणि तीही तितकीच घातक आहे, कारण गटारे त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या सरीने तुंबतात. जमिनीवरून पाणी गटारापर्यंत येण्याच्या हिशेबात प्रत्येक क्षेत्राची ‘रुंदी’ मागितली जाते. ती टेपने मोजण्याची रुंदी नव्हे. क्षेत्रफळाला पाणी वाहण्याच्या लांबीने भागून ती काढावी आणि प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बदलावी. मुरण्यासाठी हॉर्टन, ग्रीन-अँप्ट आणि कर्व्ह नंबर या पद्धती आहेत. काळ्या मातीच्या भागात भिजल्यानंतर मुरणे इतके कमी होते की तिथे पद्धत कोणती निवडली यापेक्षा फरसबंदीचे प्रमाण किती धरले याने जास्त फरक पडतो.

आता दुसरी बाजू. मॅनहोलमधून बाहेर आलेले पाणी स्विमच्या दृष्टीने, आपण काही न सांगितल्यास, नाहीसे होते. ते जाळ्यातून वजा होते, खालच्या नळांवरचा भार कमी होतो आणि खालची वस्ती सुरक्षित दिसते. हे टाळण्यासाठी पाणी साठू देण्याचा पर्याय चालू करावा लागतो. एवढ्याने भागत नाही, तर प्रत्येक मॅनहोलला साठवणीचे क्षेत्रफळही द्यावे लागते. ते शून्य राहिले तर पर्याय चालू असूनही पाणी पूर्वीसारखेच नाहीसे होते. क्षेत्रफळ दिल्यावर पाणी त्याच मॅनहोलवर उभे राहते आणि जागा झाली की त्याच मॅनहोलमध्ये परत जाते. अलकापुरीच्या गरनाळ्यासारख्या, म्हणजे रेल्वेखालून जाणाऱ्या रस्त्यासारख्या, वाटीच्या आकाराच्या जागी हे वर्णन बरोबर लागू पडते, कारण तिथले पाणी खरोखरच जागचे हलत नाही. मात्र जिथे पाणी रस्त्याने वाहत दुसऱ्या गल्लीत शिरते, तिथे हे वर्णन खोटे आहे. 5.2 आवृत्तीत रस्त्याचा छेद आणि इनलेटची, म्हणजे रस्त्यावरचे पाणी गटारात घेणाऱ्या जाळीची, सोय आली आहे, त्यामुळे खाली नळ आणि वर रस्ता अशी दुहेरी वाहिनी मांडता येते. इनलेटचे तयार नमुने अमेरिकेतले आहेत, तेव्हा आपल्या कॅचपिटसाठी (जाळीखालच्या खड्ड्यासाठी) किती पाणी आत जाते याची स्वतःची वक्ररेषा भरावी लागते. तुंबण्याची टक्केवारी देण्याची जागा आहे, हे फारच बरे. प्लास्टिक आणि पालापाचोळा पाहता तिथे शून्य भरणाऱ्याने आपल्या घरासमोरची जाळी जूनमध्ये एकदा पाहून यावी. एवढे करूनही, कोणत्या घराच्या ओट्यावर किती इंच पाणी चढेल असा नकाशा यातून निघत नाही. त्यासाठी जमिनीवरचा द्विमितीय प्रवाह मोजणारी प्रणाली लागते आणि ती ईपीएच्या मूळ प्रणालीत नाही.

मैल्याच्या ड्रेनेजसाठी प्रणाली तितकीच समर्थ आहे आणि प्रवाहाच्या एककांत एमएलडी (रोज दशलक्ष लिटर) असल्याने आपल्याला सोयीची पडते. सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 2013 च्या नियमावलीप्रमाणे माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्याचे 80 टक्के ड्रेनेजमध्ये, असे धरल्यास 10,000 वस्तीचा सरासरी प्रवाह 1.08 एमएलडी, म्हणजे सेकंदाला 12.5 लिटर होतो, आणि 3 या शिखर गुणांकाने तो 37.5 लिटरवर जातो. पण गुणांकाऐवजी स्विममध्ये तासागणिक नमुना देता येतो, आणि आपल्याकडे तो नमुना नळाला पाणी येण्याच्या वेळेवरून बांधावा लागतो. ज्या भागात पाणी सकाळी ठरावीक वेळेत येते, तिथे भांडी, कपडे, अंघोळी आणि टाक्या धुणे सगळे एकदम उरकले जाते. परदेशी पुस्तकातला सकाळ-संध्याकाळच्या दोन गोल टेकड्यांचा नमुना तिथे उचलून ठेवला, तर पंपिंग स्टेशनची विहीर कागदावर कधीच भरत नाही.

पावसाळ्यात ड्रेनेजमध्ये शिरणाऱ्या पाण्यासाठी तीन त्रिकोणी आलेखांची वेगळी सोय आहे. गच्चीचा पाइप थेट चेंबरमध्ये सोडलेला असणे आणि रस्त्यावर पाणी साठले की कोणीतरी पहारीने मॅनहोलचे झाकण उचलून ठेवणे, या दोन्ही गोष्टी पहिल्या, म्हणजे झटपट चढणाऱ्या त्रिकोणात येतात. हा भाग भरला नाही, तर सुक्या दिवसांत अर्धे भरून वाहणारे ड्रेनेज पहिल्या मोठ्या सरीला का उसळते, याचे उत्तर मॉडेल देऊ शकत नाही.

वेळेच्या टप्प्याबद्दल थोडे. डायनॅमिक पद्धत स्थिर राहण्यासाठी टप्पा इतका लहान लागतो की त्या वेळात लाट सर्वांत आखूड नळ ओलांडून जाऊ नये. 450 मिलिमीटरच्या भरत आलेल्या नळात लाट सेकंदाला सुमारे 3 मीटर जाते. म्हणजे दोन चेंबरमधला 3 मीटरचा एक तुकडा सगळ्या गावाचा हिशेब 1 सेकंदाच्या टप्प्यावर आणून ठेवतो. सोसायटीतले प्रत्येक चेंबर मॉडेलमध्ये घालण्याचा हट्ट म्हणूनच धरू नये. आखूड तुकडे जोडून एक करावेत. अहवालातला कंटिन्युइटी एरर, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या पाण्याच्या हिशेबातली तूट, 10 टक्क्यांच्या वर गेल्यास निकाल संशयास्पद समजावा असे वापर-पुस्तिका सांगते. मी 2 टक्क्यांच्या पुढचे काहीही स्वीकारत नाही.

प्रणालीचा दर्शनी भाग जुनाट आहे, हे मान्य केले पाहिजे. तो विंडोजवरच चालतो, चुकून पुसलेला नळ परत आणण्याची सोय नाही, जीआयएसचे (संगणकीय) नकाशे थेट आत घेता येत नाहीत आणि त्यासाठी क्यूजीआयएस या मोफत नकाशा-प्रणालीच्या पूरक साधनांचा आधार घ्यावा लागतो. सुरुवातीचे एकक अमेरिकन, म्हणजे घनफूट प्रति सेकंद असते. ते नंतर बदलले तरी आधी भरलेले आकडे बदलत नाहीत, म्हणून नवे काम उघडल्याबरोबर पहिल्यांदा एकक निवडावे. याच्या उलट, गणित करणारा गाभा उघडा आहे. त्याचा स्रोत कोणालाही वाचता येतो, आणि पायथॉनमधून तो चालवून शंभर वेगवेगळे पाऊस रात्रभरात तपासता येतात. पीसीस्विमसारख्या विकत मिळणाऱ्या प्रणाली हाच गाभा वापरून वर चांगले नकाशे आणि द्विमितीय प्रवाह देतात; इन्फोवर्क्स आणि डीएचआयच्या प्रणालींचे गाभे स्वतःचे आहेत. मोठ्या सल्लागार कंपनीला त्यांचा खर्च परवडतो. नगरपालिकेच्या अभियंत्याने, छोट्या कन्सल्टंटने किंवा कलाभवनच्या, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, पदव्युत्तर विद्यार्थ्याने मात्र स्विमनेच सुरुवात करावी, आणि नदीकाठचे काम असेल तर पहिल्या दिवसापासून डायनॅमिक वेव्ह आणि बदलत्या पातळीचा आउटफॉल घेऊनच.

शेवटची गोष्ट काम करून घेणाऱ्यांसाठी. स्विमचे संपूर्ण मॉडेल एका साध्या मजकुराच्या, आयएनपी प्रकारच्या फाइलीत असते. ती नोटपॅडमध्ये उघडते आणि प्रत्येक नळाची लांबी, प्रत्येक मॅनहोलची खोली, पाऊस आणि आउटफॉलची पातळी त्यात ओळीने वाचता येते. छापील अहवालासोबत ही फाइल मागून घ्यावी. आउटफॉलचा विभाग उघडून पाहिल्यास, गटारांचे तोंड वर्षभर मोकळे धरले आहे की विश्वामित्री विचारात घेतली आहे, हे दोन मिनिटांत कळते.